चुन्यात घडवलेलं प्रवचन

जुन्या नीसच्या गल्ल्यांत भर दुपारचं ऊनही जमिनीपर्यंत पोहोचत नाही. दोन्ही बाजूंना चार-पाच मजल्यांची घरं, गेरूच्या आणि हळदीच्या रंगाच्या भिंती, खिडक्यांना लाकडी झडपा, वर दोरीवर वाळणारे कपडे आणि मधून अरुंद वाट. भूमध्य समुद्राच्या काठच्या उन्हाळ्यावर लोकांनी काढलेला हा जुना तोडगा आहे: घरांनीच एकमेकांवर सावली धरायची. अशा गल्लीतून चालता चालता प्लास रॉसेत्ती नावाचा चौक समोर उघडतो. एक कारंजं, कॅफेच्या खुर्च्या, आणि एक बाजू व्यापून उभं असलेलं सँत-रेपारात कॅथेड्रल. थोडं मागे सरून मान वर केली, की रंगीत चकचकीत कौलांनी मढवलेला घुमट दिसतो.

बहुतेक पर्यटक इथे दहा मिनिटं थांबतात. आत जातात, सोनेरी नक्षी, देवदूत, खांब पाहून त्यांचे डोळे दिपतात, ‘किती भरगच्च!’ म्हणून फोटो काढतात आणि बाहेर येतात. इतकं सगळं एकदम समोर आलं की नेमकं काय पाहायचं तेच कळत नाही. पण हे चर्च गोंधळाचं नाही. तिथली प्रत्येक गोष्ट कुणाला तरी काहीतरी सांगण्यासाठी, विचार करून, नेमक्या जागी ठेवलेली आहे. कुणाला, काय आणि का सांगायचं होतं, हे कळलं की तीच भरगच्च भिंत ओळी-ओळीनं वाचता येते. ते वाचन कसं करायचं, हे या प्रकरणात पाहू.

फ्रान्समधलं, पण फ्रेंच नव्हे

पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती अशी, की हे चर्च उभं राहिलं तेव्हा नीस फ्रान्समध्ये नव्हतं. 1388 साली या शहरानं सॅव्हॉय घराण्याचं छत्र स्वीकारलं. या घराण्याची राजधानी पुढे तुरिन झाली. फ्रेंचांच्या ताब्यातले काही काळ, विशेषतः राज्यक्रांतीच्या वेळची दोन दशकं, सोडली तर 1860 पर्यंत नीस त्यांच्याच राज्यात होतं. त्या वर्षीच्या तुरिनच्या तहानं ते फ्रान्सकडे आलं. इटलीच्या एकीकरणाचा नायक गॅरिबाल्डी 1807 साली याच नीसमध्ये जन्मला होता. आपलं जन्मगाव फ्रान्सला दिलं गेलं, याचं दुःख त्याला आयुष्यभर राहिलं.

म्हणून जुन्या नीसची नजर पॅरिसकडे नव्हती. ती तुरिन, जिनोव्हा आणि रोमकडे होती. पॅरिसनं बरोक शैली मनापासून कधी स्वीकारलीच नाही. रोमचा सर्वांत मोठा बरोक कलावंत बर्निनी 1665 मध्ये चौदाव्या लुईच्या निमंत्रणावरून पॅरिसला गेला. लूव्ह्र राजवाड्यासाठी त्यानं आराखडे केले आणि ते बाजूला पडले. फ्रेंच दरबाराला सरळ रेषा आणि संयम हवा होता. त्यामुळे इटालियन धाटणीचं बरोक आजच्या फ्रान्समध्ये मुख्यतः कडेकडेनं सापडतं: नीस, शेजारचं माँताँ, कॉर्सिका बेट, सॅव्हॉयची डोंगरखोरी. सरहद्दी हलल्या, चर्चं जागच्या जागी राहिली.

सँत-रेपारातची जागाही अशीच एका हलवाहलवीतून ठरली. शहराचं मूळ कॅथेड्रल शेजारच्या टेकडीवर होतं. सॅव्हॉयच्या ड्यूकांनी त्या टेकडीचा लष्करी किल्ला करायला घेतला, तशी सामान्य वस्ती खाली सरकली आणि सोळाव्या शतकात बिशपचं पीठही खाली, या संत रेपारातेच्या चर्चमध्ये आलं. पुढे 1706 मध्ये चौदाव्या लुईच्या हुकुमानं तो किल्ला पाडला गेला. आज टेकडीवर बाग आहे, जुन्या कॅथेड्रलचे पायाचे दगड आहेत, आणि रोज दुपारी बारा वाजता तिथून एक बार उडतो. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, गावकरी घड्याळ जुळवतात.

रेपाराता ही पॅलेस्टाइनमधल्या सीझरिया गावची पंधरा वर्षांची मुलगी. रोमन सम्राट डेशियसच्या काळात, तिसऱ्या शतकाच्या मध्यावर, श्रद्धा सोडली नाही म्हणून तिला मारलं, असं परंपरा सांगते. तिचं शव एका होडीत ठेवून समुद्रात सोडलं, देवदूतांनी ती होडी नीसच्या किनाऱ्याला लावली, आणि म्हणून या उपसागराला ‘देवदूतांचा उपसागर’ म्हणतात, अशी आख्यायिका आहे. फ्लॉरेन्सचं जुनं कॅथेड्रलही याच संतेच्या नावाचं होतं. तिथल्या प्रसिद्ध महाघुमटाच्या चर्चखाली त्याचे अवशेष आजही पाहता येतात.

एका ठरावातून निघालेली शैली

‘बरोक’ हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘बारोको’वरून आला, असं साधारणपणे मानतात. बारोको म्हणजे वेडावाकडा, गोल नसलेला मोती. नाव ठेवणाऱ्यांनी ते नाक मुरडून ठेवलं होतं. पण या शैलीमागचा विचार मात्र अजिबात वेडावाकडा नव्हता.

1517 साली मार्टिन ल्यूथरनं रोमच्या चर्चला आव्हान दिलं आणि पुढच्या काही दशकांत निम्मा उत्तर युरोप पोपच्या हातून निसटला. सुधारकांचा भर बायबलच्या वाचनावर होता. छपाईयंत्र त्यांच्या मदतीला होतं. अनेक ठिकाणी त्यांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, चित्रं पुसली, भिंतींना पांढरा चुना फासला. कॅथॉलिक चर्चनं उत्तर शोधण्यासाठी आल्प्समधल्या ट्रेंट गावी धर्मपरिषद भरवली. ती 1545 ते 1563 अशी अठरा वर्षं, खंड पडत पडत चालली. शेवटच्या बैठकीत प्रतिमांविषयी ठराव झाला. चित्रं आणि मूर्ती ठेवायच्या. प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोहोचतो. आणि या प्रतिमांमधून लोकांना धर्म शिकवायचा.

हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. त्या काळच्या नीसमध्ये मासे धरणारा, ऑलिव्हचं तेल गाळणारा, धुणं धुणारी अशा बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. मिस्सा लॅटिनमध्ये चाले, आणि लॅटिन त्यांना कळत नसे. त्यांच्याशी बोलायचं तर डोळ्यांशी, कानांशी, नाकाशी आणि अंगाशी बोलावं लागणार होतं. बरोक चर्च म्हणजे अशा माणसासाठी रचलेलं प्रवचन. त्याची भाषा म्हणजे उजेड, आवाज, धूप, रंग आणि चुना.

या प्रवचनाचा पहिला मोठा मसुदा रोममध्ये तयार झाला. 1540 मध्ये मान्यता मिळालेल्या जेझुइट संघानं 1568 ते 1584 या काळात तिथे ‘जेझू’ नावाचं आपलं मुख्य चर्च बांधलं. आराखडा विन्योलाचा, दर्शनी भाग देल्ला पोर्ताचा. जुन्या चर्चांत खांबांच्या रांगांमुळे आणि मधल्या जाळीदार पडद्यामुळे मागच्या माणसाला वेदी दिसत नसे. जेझूमध्ये पडदा काढून टाकला, खांबांची रांग काढली आणि एकच रुंद दालन ठेवलं. दोन्ही बाजूंना लहान प्रार्थनाकक्ष, वर घुमट, समोर वेदी. कुठेही उभं राहा, वेदी दिसली पाहिजे आणि प्रवचन ऐकू आलं पाहिजे. ही रचना पुढे जगभर गेली.

आत शिरल्यावर

आता सँत-रेपारातच्या दारात या. आत पाऊल टाकलं की लगेच पुढे चालू नका. चौकातल्या उन्हातून आलेले डोळे अंधाराला सरावायला एक-दोन मिनिटं घेतात, आणि ती मिनिटं या अनुभवाचाच भाग आहेत. हळूहळू आधी जवळचे खांब दिसतात, मग बाजूचे कक्ष, मग दूरवरची वेदी. शेवटी लक्षात येतं, की सगळ्यात जास्त उजेड तुमच्यापासून सगळ्यात लांब, घुमटाखाली पडला आहे.

हे योगायोगानं होत नाही. बरोकचा रचनाकार उजेड मोजून वापरतो. बाजूचे कक्ष तो मुद्दाम अर्धवट अंधारात ठेवतो आणि मुख्य झरोके उंच, छताजवळ किंवा घुमटाच्या गळ्यात काढतो. खालून ते झरोके चटकन दिसत नाहीत. दिसतो तो फक्त उजेड. अंधाऱ्या गल्लीत आयुष्य काढणाऱ्या माणसाला तो काय वाटत असेल, याची कल्पना करा. तो न सांगता उजेडाकडे, म्हणजे वेदीकडे, चालू लागतो.

दुसरी खूण वर आहे. खांबांच्या माथ्यावरून चर्चभर फिरणारी एक जाड, पुढे आलेली पट्टी दिसेल. खाली माणसांचं जग, वर स्वर्गाचं. ही पट्टी त्या दोहोंमधली रेघ. तिच्या खाली कोपरे आणि सरळ रेषा आहेत, वर कमानी, ढग आणि पंख.

इथल्या उंचीची एक किंमतही मोजावी लागली आहे. बिशप देझिरे द पाल्लेती यांनी 1650 च्या सुमारास स्थानिक वास्तुरचनाकार जाँ-आंद्रे गिबेर याच्याकडून हे नवं चर्च उभारायला घेतलं. 1658 मध्ये छताचा काही भाग कोसळला आणि त्यात खुद्द बिशपांचा जीव गेला. तरी काम थांबलं नाही. चर्चचं विधिवत अर्पण 1699 मध्ये झालं. बाजूचा घंटामनोरा अठराव्या शतकात चढला आणि आज दिसणारा दर्शनी भाग 1825 चा आहे. म्हणजे पहिल्या दगडापासून आजच्या रूपापर्यंत पावणेदोनशे वर्षं. ज्यांनी सुरुवात केली त्यांच्यापैकी कुणीही हे पूर्ण झालेलं पाहिलं नाही.

संगमरवर नसलेला संगमरवर

आता एखाद्या कक्षाजवळ जा. देवदूतांचे गाल, द्राक्षांचे घोस, वळलेल्या पानांची नक्षी हे सगळं दगडात कोरलेलं वाटतं. बहुतेक ठिकाणी तो दगड नसतोच. तो असतो ‘स्टुको’, म्हणजे चुना, वाळू, जिप्सम आणि संगमरवराची पूड यांचा गिलावा. आत लाकडाचा किंवा लोखंडी सळीचा सांगाडा करायचा, त्यावर जाड थर चढवायचे आणि वरचा बारीक थर ओला असतानाच हातानं, करणीनं घडवायचा. तो सुकायच्या आत गालाची खळी पडली पाहिजे. त्यामुळे कारागिराला हात फार चटपटीत चालवावा लागे, आणि त्या घाईतला जिवंतपणा आजही त्या आकृतींत उतरलेला दिसतो.

याच कुळातली दुसरी करामत म्हणजे ‘स्काल्योला’. जिप्समची पूड, सरस आणि रंग मळून त्याचे गोळे करायचे, ते एकमेकांत दाबून शिरा उमटवायच्या, खांबावर थर द्यायचा आणि मग घासून घासून, तेल देऊन चकाकी आणायची. समोर उभा राहतो लाल-हिरवा संगमरवर. खरा की खोटा हे ओळखायची सोपी युक्ती तापमानाची: खरा संगमरवर हाताला गार लागतो, स्काल्योला तितका गार लागत नाही. मात्र हा प्रयोग इथे करू नका. हातांचा घाम आणि तेल या पृष्ठभागाचं नुकसान करतात.

याला फसवणूक म्हणणारे तेव्हाही होते. मला ती फसवणूक वाटत नाही. रोमच्या श्रीमंतीचं दर्शन मर्यादित पैशांत एका बंदरगावाच्या माणसांना घडवण्याचा तो मार्ग होता. दगड महाग होता, कारागिराचा हात जवळ होता; त्या हातानं चुन्याला दगडाचा मान मिळवून दिला.

भिंतीतून आलेला हात

कॅथेड्रलमधून बाहेर पडून जवळच्याच गल्लीतल्या जेझूच्या चर्चकडे चला. हे नीसच्या जेझुइटांचं चर्च. रोमच्या जेझूचं नाव घेऊन सतराव्या शतकात उभं राहिलेलं. पुढे 1773 मध्ये पोपनं जेझुइट संघच बरखास्त केला आणि चर्चला संत याकोबाचं नाव मिळालं, पण गावाच्या तोंडी जेझूच राहिलं. आतलं छत देवदूतांनी इतकं भरलेलं आहे, की मोजायला गेलं तर मान दुखते.

इथे पाहायचं ते प्रवचनपीठ. त्याच्या कठड्यातून एक घडवलेला हात थेट बाहेर आला आहे आणि त्या हातानं क्रूस धरला आहे. खाली बसलेल्यांना प्रवचनकार दिसतो, आणि त्याच्याबरोबर हा तिसरा हातही, न थकता, न खाली येता, क्रूस पुढे धरून असतो. बरोकचं सगळं तंत्र या एका हातात दिसतं. शब्द ऐकू आले नाहीत, कळले नाहीत, तरी काय म्हणायचं आहे ते पोहोचलंच पाहिजे.

मग फुलांच्या बाजाराजवळचं, कूर सालेया रस्त्यावरचं मिझेरिकॉर्दचं प्रार्थनामंदिर. तुरिनचा वास्तुरचनाकार बेर्नार्दो व्हित्तोने यानं त्याचा आराखडा केला आणि 1740 मध्ये काम सुरू झालं. इथे सरळ भिंत जवळजवळ नाहीच. लंबगोल दालनाभोवती लहान-मोठे वळसे एकमेकांत शिरलेले, त्यामुळे आत उभं राहिलं की भिंती श्वास घेत असल्यासारख्या वाटतात. हे मंदिर मोजक्या वेळीच उघडतं. आधी वेळ पाहून जावं.

त्याची मालकी एकोणिसाव्या शतकापासून ‘काळ्या प्रायश्चित्तींच्या’ बंधुसंघाकडे आहे. नीसमध्ये असे काळे, पांढरे, निळे, लाल झगे घालणारे संघ होते. त्यांत धर्मगुरू नव्हे, तर व्यापारी, कारागीर अशी साधी माणसं असत. आजाऱ्यांची सेवा, बेवारस मृतांचं दफन, फाशी जाणाऱ्याला शेवटपर्यंत सोबत ही कामं ते करत. झग्याला चेहरा झाकणारी टोपी असे, कारण केलेल्या कामाचं श्रेय कुणा एकाच्या नावावर जाऊ नये. सोनेरी नक्षीच्या या मंदिरामागे गरिबाच्या तिरडीला खांदा देणारी माणसं उभी आहेत. ही गोष्ट माहीत नसेल, तर ते सोनं नुसती श्रीमंती वाटत राहतं.

रोममधून नीसला, आणि गोव्यालाही

याच रोमच्या जेझूची रचना समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चची उभारणी 1594 मध्ये सुरू झाली आणि 1605 मध्ये त्याचं अर्पण झालं. नीसच्या आजच्या कॅथेड्रलला तेव्हा अजून अर्धशतक अवकाश होता. रोमच्या जेझूशी नाव एकच, संघ एकच आणि रचनाही तीच: एक रुंद दालन, डोळ्यांना थेट भिडणारी सोनेरी वेदी, बाजूच्या भिंतीला कोरीव प्रवचनपीठ. दर्शनी भागावरची आय-एच-एस ही अक्षरं म्हणजे येशूच्या ग्रीक नावातली पहिली तीन अक्षरं, जेझुइटांची खूण. आतली संत फ्रान्सिस झेवियरची समाधीही इटलीतली आहे. फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीनं ती घडवली आणि 1698 मध्ये ती गोव्यात जोडली गेली.

आणखी एक धागा थेट मराठीपर्यंत येतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण 1575 मध्ये रोमला जेझुइट संघात दाखल झाला. तेव्हा जेझूचं बांधकाम त्याच शहरात चालू होतं. 1579 मध्ये तो गोव्याला आला, इथली भाषा शिकला, आणि 1616 मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं: मराठीत, ओवीछंदात, सुमारे अकरा हजार ओव्या. पुराण ऐकायची सवय असलेल्या माणसांना त्यानं पुराणच दिलं. नीसमध्ये चुन्यानं जे काम केलं, ते इथे ओवीनं केलं. दोन्हीकडे नियम एकच: ऐकणाऱ्यानं आपल्यापर्यंत यावं म्हणून वाट पाहायची नाही, आपणच त्याच्या ओळखीच्या भाषेत त्याच्यापर्यंत जायचं.

हे सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोव्यात याच काळात देवळं पाडली गेली, आणि 1560 पासून 1812 पर्यंत, मधला थोडा काळ सोडून, इन्क्विझिशनची दहशत होती. मन वळवणारी कला आणि मन मोडणारी सत्ता एकाच छपराखाली नांदत होत्या. तो इतिहास बाजूला ठेवून हे सौंदर्य पाहणं प्रामाणिकपणाचं नाही. पण त्या इतिहासामुळे कारागिराच्या हाताकडे पाठ फिरवणंही न्यायाचं नाही.

जाणाऱ्यांसाठी

फ्रान्समध्ये 1905 च्या कायद्यानं धर्म आणि शासन वेगळे झाले. त्याआधीची कॅथेड्रलं आज सरकारच्या आणि इतर जुनी चर्चं बहुतांशी त्या-त्या गावाच्या मालकीची आहेत, उपासनेसाठी मात्र ती धर्मसंस्थेच्या हाती असतात. त्यामुळे प्रवेशाला सहसा पैसे पडत नाहीत. पण ती संग्रहालयं नाहीत. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा किंवा नंतर या. खांदे झाकलेले असावेत, टोपी काढावी, फोन बंद ठेवावा, फ्लॅश वापरू नये. एखाद्या वेदीजवळ लाल दिवा तेवत असेल तर तिथे परमप्रसाद ठेवलेला आहे, असं समजा आणि आवाज खाली आणा.

सकाळी लवकर जा. चौक रिकामा असतो आणि आतला उजेड हळूहळू सरकताना दिसतो. आत आल्यावर क्रम ठेवा: दाराशी थांबणं, उजेड कुठे आहे ते शोधणं, चर्चभर फिरणाऱ्या पट्टीच्या खाली-वर काय आहे ते पाहणं, मग एकच कक्ष निवडून त्यात पंधरा मिनिटं घालवणं. सगळं पाहायच्या नादात काहीच दिसत नाही. एक देवदूत नीट पाहिला तर बाकीचे आपोआप बोलू लागतात.

आणि नीसला जाणं जमणार नसेल, तर हेच वाचन जुन्या गोव्यात करा. बॉम जेझूच्या दारात दोन मिनिटं थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या, आणि उजेड तुम्हाला कुठे नेतो ते पाहा. चारशे वर्षांपूर्वी अक्षर न येणाऱ्या माणसासाठी रचलेलं ते प्रवचन तिथे आजही जागच्या जागी आहे.